बारा हजार तासांचा थोरला

इंजिनाच्या पोटाला तिने तळहात लावला आणि नकारार्थी मान हलवली. इंजिन गरम होतं.

"काय झालं?" सासऱ्यांनी हळूच विचारलं. त्यांच्या कडेवर तिचं चौदा महिन्यांचं बाळ होतं आणि ते त्यांच्या चष्म्याची काडी तोंडात घालायच्या खटपटीत होतं.

"आपण यायच्या आधीच चालू करून ठेवला होता."

"मग बरंच की. आता पटकन चालू होईल."

"म्हणूनच तर, बाबा."

तिच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. लग्न होईपर्यंत तिची अर्धी हयात ट्रॅक्टरखाली गेली होती. वडील म्हणायचे, जुना ट्रॅक्टर घेताना पहिली परीक्षा थंड इंजिनाची. थंड इंजिन खरं बोलतं, गरम इंजिन म्हणजे पढवून आणलेला साक्षीदार. ज्याचा ट्रॅक्टर सकाळी कुथत, खोकत, दहा वेळा विनवण्या केल्यावर चालू होतो, तो गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याला तापवून ठेवतो.

आणि समोर उभा असलेला ट्रॅक्टर काही लहानसहान नव्हता. सहा सिलिंडरचा, मागचं चाक तिच्या डोक्याच्या वर. शेडच्या दारातून पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती बोलता बोलता थांबली होती. रंग उडून कुठे लाल तर कुठे नुसतं लोखंड उरलं होतं, पण उभा असा होता की घरात मोठं माणूस येऊन बसल्यावर सगळे आपोआप नीट बसतात, तसं तिलाही पदर सावरावासा वाटला. मीटरवर आकडा होता बारा हजार चारशे अठरा. एवढे तास चाललेला ट्रॅक्टर तिने वडिलांच्या गॅरेजात पाहिला होता तो फक्त सुटे भाग काढून घेण्यासाठी आलेला.

"काका," ती ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला म्हणाली, "आम्ही थांबतो. थंड होऊ दे."

ड्रायव्हर उंच आणि वाळक्या शेंगेसारखा माणूस होता, साठीच्या पुढचा. उजव्या गुडघ्यावर पँटला आतल्या बाजूला जाड ठिगळ लावलेलं. तो तिच्याकडे बघत राहिला.

"थंड व्हायला चार तास लागतील, ताई."

"मग चार तास."

"मी काय फसवतोय असं वाटतं का तुम्हाला?"

"तुम्हाला मी ओळखत नाही, काका. ह्यालाही नाही. दोघांची ओळख व्हायला चार तास जास्त नाहीत."

त्याने हातातलं फडकं झटकून, चारदा घडी घालून खिशात ठेवलं आणि तो शेडच्या बाहेर जाऊन पाठ फिरवून बसला.

"दुखावलंस की त्याला," सासरे म्हणाले. "आपलं काय ठरलंय? बोलायचं मी, बघायचं तू. तू बोलायला लागलीस की माझ्या पोटावर पाय येतो."

तसंच ठरलं होतं खरं. आणि बघणं आज सोपं नव्हतं. घरच्या छोट्या ट्रॅक्टरचं कंबरडं आठवड्यापूर्वी मोडलं होतं, तेही त्या पडीक जमिनीवर, पहिल्याच दिवशी. वीस एकरांचा तो तुकडा त्यांनी दहा वर्षांच्या कराराने कसायला मागितला होता. जमिनीच्या मालकाने एकच अट घातली: महिनाअखेर सगळी जमीन खोल नांगरून उलटलेली दिसली पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. महिना संपायला अठरा दिवस होते. हरळीची मुळं हातभर खाली गेलेली, वर माती भाजलेल्या विटेसारखी. तिथे असा जनावरासारखा ट्रॅक्टर हवा होता, आणि नवा घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून आज नवरा एका वाटेने गेला होता आणि ती दुसऱ्या. चुकीचा ट्रॅक्टर घेतला तर तो शेताच्या मध्यावर बसणार, आणि जमीन जाणार. इतकं साधं होतं.

नवऱ्याचा फोन अकराला आला. तो शहरातल्या जुन्या ट्रॅक्टरच्या दुकानात उभा होता.

"मीटर एकतीसशे तास," तो कुजबुजत होता, पण आनंद काही कुजबुजत नव्हता. "एवढाच मोठा आहे. आणि रंग असा, की तोंड बघून भांग पाडावा. दुकानदार म्हणतो तीन वाजेपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक येतंय."

"त्यांचं दुसरं गिऱ्हाईक नेहमी तीनलाच येतं. मला एक सांग, क्लचच्या पेडलवर रबर आहे?"

"आहे. नवं कोरं."

"काढ."

"अगं, लोक बघतायत."

"बुटाची नाडी बांधतोय असं दाखव आणि काढ."

फोनमध्ये बराच वेळ खुडबुड झाली. मग तो परत आला तेव्हा आवाजातला भांग विस्कटला होता. "खालचं लोखंड झिजलंय. एका बाजूने पार चमच्यासारखं."

"आता मागच्या हुकाचं भोक बघ. गोल आहे का?"

"नाही. अंड्यासारखं."

"एकतीसशे तासांत पेडलचा चमचा होत नाही. मीटर बदलता येतो, रंग देता येतो. पायाखालचं लोखंड कोण बदलतंय?"

"पण तुझ्या तिथल्याचे बारा हजार आहेत ना?"

"हो."

"मग?"

"तीनपर्यंत धरून ठेव," एवढंच ती म्हणाली.

गरम असतानाही जे बघता येतं ते बघायला ती वळली. फडकं धरून झाकण जपून सैल केलं; रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय नाही. ऑइलची पट्टी काढून तेल बोटांत चोळलं, कचकच नाही. क्लचच्या पेडलवर रबर नव्हतंच, आणि ते लपवायचा कोणी प्रयत्नही केला नव्हता. लोखंडात चवड्याच्या मापाची एक खळगी पडली होती, आरशासारखी लखलखीत, इतकी नेमकी की तिने चप्पल काढून पाय ठेवला असता तर कोणाच्या तरी पावलावर पाय दिल्यासारखं झालं असतं. तिने ठेवला नाही. मागे जाऊन हुकाचं भोक पाहिलं, आणि परत पाहिलं. ते गोल होतं. बारा हजार तास नांगर, मोठा कल्टिव्हेटर, भरलेल्या ट्रॉल्या ओढून ते गोल होतं. आत पितळेची बारीक बांगडी बसवली होती. झिजायचं तर तिने झिजावं, हुकाने नाही. असली बांगडी तिने कधी पाहिली नव्हती, आणि वडिलांनीही पाहिली असेल असं तिला वाटेना.

बाळ भुकेने कुरकुरायला लागलं. सासरे चहाच्या शोधात बाहेर गेले. ती शेडच्या कोपऱ्यात पोत्यांच्या थप्पीवर बसली आणि बाळाला पाजायला घेतलं.

पाजताना आईला दुसरं काही करता येत नाही, फक्त बघता येतं. ती बघत होती. जमिनीवर तेलाचा एकही डाग नव्हता. पाने आणि स्पॅनर भिंतीवर थोरल्यापासून धाकट्यापर्यंत रांगेत, शाळेच्या फोटोत उभे असावेत तसे. मग बाळाचं डोकं सावरताना तिची नजर वर गेली.

ट्रॅक्टरच्या सायलेन्सरच्या बरोबर वर, छपराच्या पत्र्यावर, एक काळा गोल होता. ताटाएवढा. नुसता काळा नाही, जाड; मखमलीसारखा, बोट घातलं तर रुतेल असा. आजूबाजूचा पत्रा स्वच्छ. असा थर एका दिवसात बसत नाही. वर्षातही नाही. रोज त्याच जागी, इंचभरही इकडेतिकडे न होता उभा राहून, रोज थोडा वेळ धूर सोडला, आणि हे वर्षानुवर्षं केलं, तर बसतो.

हा माणूस आज फसवायला आला नव्हता. हा रोजच येत होता.

बाळ दूध पिता पिता झोपलं. ती तशीच त्या गोलाकडे बघत बसली. मनात हिशेब सुरू झाला, थकलेल्या आयांच्या मनात सुरू होतात तसला बिनकामाचा. बाळ जन्मल्यापासून तास किती झाले? दहा हजार आणि वर थोडे. या दहा हजार तासांत तिने काय काय केलं होतं, किती वेळा उठली होती, किती वेळा नुसतं श्वास चालू आहे ना म्हणून नाकापाशी बोट धरलं होतं. आणि हा माणूस बारा हजार तास त्या आसनावर बसला होता. एकाच आवाजाकडे कान देऊन. दिवसाचे आठ तास धरले तरी चार वर्षांहून जास्त, एकही सुट्टी न घेता.

ड्रायव्हर पाण्याचा तांब्या घेऊन आत आला आणि दूरच ठेवून निघाला.

"काका. रोज किती वेळ तापवता?"

तो थांबला. तिची नजर छपराकडे गेली तशी त्याचीही गेली, आणि तो लाजला. "पुसून काढायचा होता तो डाग. राहिलाच."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. कोणी यायच्या आत. माणूस झोपेतून उठला की त्याला लगेच पळायला लावता का तुम्ही? तोंड धुऊ देता, पाणी देता. मग कामाला." तो पोत्यांपासून जरा लांब, जमिनीवर बसला. "सतरा वर्षं झाली. आज तुम्ही येणार म्हणून वेगळं काय करायचं ते मला सुचलंच नाही."

"मी चुकले."

"नाही चुकलात. याआधी तिघे बघून गेले. एकानेही हात लावला नाही. सगळ्यांनी मीटर वाचला, हसले, आणि गेले." त्याने घसा साफ केला. "तरीपण थंड होऊ देऊच. तुमचं मन राहील."

मग चहा घेऊन सासरे आले. सासरे आले की बोलणं आलंच.

"विकता का मग, एवढा लाडका आहे तर?"

"मालकीणबाईंनी सगळीकडे फळबाग लावली. झाडांच्या ओळींतून थोरला मावत नाही. बागेला छोटा आणलाय, धाकटा. त्याला मी चालवतो, पण ते म्हणजे लहान मुलाच्या सायकलवर बसल्यासारखं."

"आणि ह्याच्यात खोट काय ते सांगा. सगळं गोड असलं की मला शंका येते."

ड्रायव्हर बोटांवर मोजू लागला. "नांगर उचलून धरणारं हायड्रॉलिक संध्याकाळपर्यंत चार बोटं खाली उतरतं. डावा ब्रेक उजव्यापेक्षा उशिरा लागतो, त्याला आधी हाक मारावी लागते. इंजिन आठ हजाराला एकदा खोललंय, माझ्यासमोर. आणि तिसरा गिअर जोर आला की निसटतो. नांगरताना तोच लागतो."

सासऱ्यांचा कप ओठांपाशीच राहिला. "अहो, नांगरणीलाच तर घ्यायचाय."

"म्हणून सांगितलं."

"निसटतो तर तुम्ही कसे नांगरता?"

"गुडघ्याने दाबून धरतो." त्याने उजव्या पँटवरच्या ठिगळावर थाप मारली. "सहा वर्षं झाली. आता गुडघा आधी जाईल की गिअर, ते बघायचं."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. सून छपराकडे बघत होती.

अडीचला तिने पुन्हा इंजिनाला हात लावला. गार होतं, सावलीतल्या दगडासारखं. बाळ उठलं होतं. सासऱ्यांनी त्याला छातीशी धरून कान झाकले. ड्रायव्हरने किल्ली फिरवली.

स्टार्टरने एकदा कूस बदलल्यासारखं केलं आणि इंजिन चालू झालं. काळ्या धुराचे दोन लोट थेट त्या गोलात जाऊन विरले. तेल जळाल्याचा निळा धूर नाही, पाणी शिरल्याचा पांढरा नाही. आणि मग तो आवाज. मोठा नव्हता. खोल होता. शेडचा पत्रा, पोती, पाण्याचा तांब्या, तिच्या दातांची मुळं, सगळं एका लयीत आलं. सहाही सिलिंडर एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकत होते, कोणी लंगडत नव्हतं, कोणी घाई करत नव्हतं. इंजिनाच्या श्वासाच्या नळीपाशी तिने तळहात धरला: बाळाच्या फुंकरीएवढी हवा; आतून झिजलेलं इंजिन इथून जोराने फुंकतं.

"आता ओढून बघायचं," ती म्हणाली.

"पलीकडचं रान मोकळं आहे, तिथे नांगर लावतो."

"ते मागच्या वर्षी नांगरलेलं दिसतंय. तिथे कोणीही ओढेल. तो जुना रस्ता कोणाचा?" शेडच्या मागून कुंपणापर्यंत एक पांढरी पट्टी गेली होती, गवताचं पातंही नसलेली.

"आमचाच. वीस वर्षं धान्याचे ट्रक गेले त्याच्यावरून. आता दुसरीकडून काढलाय रस्ता. पावसाआधी इथेही झाडं लावायचीत, पण कुदळ उडते म्हणून सगळे टाळतायत." आणि बोलता बोलता तो पहिल्यांदा हसला. "तिथे?"

"आमची पडीक याच्यासारखीच आहे."

नांगर जोडला गेला. तीन फाळांचा, प्रत्येक फाळ बाळाच्या पाळण्याएवढा. ड्रायव्हर खाली उतरला आणि पायरीपासून बाजूला झाला.

"बसा, ताई."

"मी?"

"मी चालवला तर तुम्हाला मी दिसेन. ह्याच्या खोडी मला पाठ आहेत, मी नकळत झाकणार. उद्या तुमच्या रानात मी नसेन."

सासऱ्यांनी बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

ती चढली. पाय आपसूक त्या खळगीत गेला आणि बसला. वरून जग वेगळंच होतं. कुंपण गुडघ्याएवढं, सासरे खेळण्यातले. तिसरा गिअर, नांगर खाली, क्लच सोडला.

फाळ पांढऱ्या पट्टीवर टेकले आणि घसरले. खरवडल्याचा किंकाळीसारखा आवाज आला. वाराभर, दोन वार, नुसतं खरवडणं. मग कुठेतरी मातीत एक फट सापडली, तिन्ही फाळ एकदम आत बुडाले, आणि थोरल्याने खांदे खाली घातले. खरंच घातले, तिला आसनाखाली ते जाणवलं. आवाज उतरला, आणखी उतरला. आता बंद पडणार असं तिला वाटलं. आणि तिथे, त्या तळाशी, इंजिनाने पाय रोवला. धूर काळा झाला, लय जड झाली, पण तुटली नाही. चाकं एकदा घसरली, पकडली, आणि जमीन हलायला लागली.

तेवढ्यात गिअरच्या दांड्याने झटका दिला. तिने विचार केला नाही. उजवा गुडघा वळला आणि दांडा दाबून धरला. लोखंड मांडीच्या हाडापर्यंत थरथरत होतं, जिवंत, हट्टी. दाबून धरलं की ऐकत होतं.

मग तिने मागे पाहिलं.

वीस वर्षांचा रस्ता उलटत होता. पांढऱ्या पापुद्र्याच्या लाद्या, दारांएवढ्या, सावकाश उभ्या राहत होत्या आणि कुशीवर पडत होत्या. त्यांच्या पोटाखालून माती येत होती, काळी, ओली, तुकतुकीत. वीस वर्षांत जिच्यावर ऊन पडलं नव्हतं ती माती. तिचा वास इंजिनाच्या उष्णतेला ओलांडून वर आला आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दुःखाचं नव्हतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदा त्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा आलं होतं तसलं; हे इथे आत होतं, इतके दिवस, आणि आपल्याला माहीत नव्हतं. कुठून कोण जाणे पाच-सात पक्षी मागे उतरले होते आणि ढेकळांतून किडे टिपत होते, जणू त्यांना कोणी आधीच सांगून ठेवलं होतं.

कुंपणापाशी तिने नांगर उचलला. सासरे त्या चरातून चालत येत होते, गुडघ्याएवढ्या खोल, एका हाताने बाळ आणि दुसऱ्याने फोन धरून. तीन वाजले होते. पलीकडे त्यांचा मुलगा होता.

"सोड तो रंगीत," ते म्हणत होते. "अरे, मीटर काय विचारतोस? मी इथे जमिनीच्या पोटात उभा आहे." मग फोन खिशात टाकून त्यांनी वाकून ओल्या मातीची मूठ भरली आणि बाळाला दाखवली.

किमतीचं बोलणं त्यांनीच केलं, ठरल्याप्रमाणे. मालकीणबाईंनी एकदा आकडा सांगितला, सासऱ्यांनी एकदा, आणि मधल्या कुठल्याशा आकड्यावर दोघांनीही चहा मागवला. ड्रायव्हर तिथे नव्हता. तो नांगराचे फाळ घासत बसला होता. जाताना तिने विचारलं, "रानात एकदा याल ना?"

"नको. लेकीच्या घरी सारखं जाऊ नये म्हणतात," तो म्हणाला. "फार खोकला तर बोलवा."

थोरला खोकला नाही. पडिकात पहिल्या दिवशी दोन एकर झाले. हरळीची मुळं मांजरपाट फाडावा तशी टरटर फाटत होती. पाचव्या दिवशी एका खडकाने फाळ वाकवला आणि अर्धा दिवस गेला, नवव्या दिवशी तिचा गुडघा एवढा सुजला की एक दिवस नवऱ्याने चालवला आणि संध्याकाळी लंगडत येऊन म्हणाला, "तुझ्या या थोरल्याला बायकोच हवी, मला तो गिअर धरू देत नाही." ती आणि तो आलटून पालटून बसत राहिले. बाळ बांधावर सासऱ्यांजवळ.

सोळाव्या दिवशी दुपारी जमिनीचा मालक आला तेव्हा ती शेवटची पट्टी काढत होती. तो बांधावर उभा राहिला. कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते त्याला कळेना. जिकडे बघावं तिकडे काळी माती लाटांसारखी एकीवर एक पडलेली, दूर झाडांपर्यंत. त्याने वाकून एक ढेकूळ उचललं, दोन्ही हातांनी, आणि फोडून आत पाहिलं. सासरे त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. तो म्हणाला, "माझ्या आजोबांनंतर ही माती कोणी पाहिली नव्हती." करार कधी करायचा ते त्याने त्याच दमात सांगितलं, उद्या सकाळी.

तिने इंजिन बंद केलं आणि उतरली. शांतता एवढी एकदम आली की कान दुखले. पण अंग शांत झालं नव्हतं. सोळा दिवसांची ती लय अजून तिच्या हाडांत चालू होती, पोटऱ्यांत, हातांत, बरगड्यांत, बारीक आणि सलग.

बाळ रडत होतं. झोप आलेली आणि येत नसलेली. तिने हात पुसले आणि त्याला घेतलं. बाळाने गाल तिच्या छातीला टेकवला आणि रडता रडता थांबलं. मान उचलून त्याने तिच्याकडे पाहिलं, मोठे डोळे करून. मग परत गाल टेकवला, हलक्या हाताने तिची बरगडी चाचपली, आणि आत चाललेलं ते काहीतरी मोठं, खोल, ऐकत राहिलं.